बालवाडीची पूर्वतयारी

तीन-चार वर्षांच्या मुलाला बालवाडीत घालायचे म्हटले, की मुळाक्षरे गिरवून घ्यावीत आणि अंक पाठ करून घ्यावेत, अशी समजूत घरोघरी रुजलेली दिसते. परंतु महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास पाहता, या वयातील खरी तयारी अक्षरओळखीत नसून मुलाच्या विश्वासात आणि स्वावलंबनात आहे, हे स्पष्ट होते. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत पोहोचत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आकाराला आली. मुलाला नखे कापून घेण्याची, हातपाय धुण्याची, केस विंचरण्याची सवय लावणे हाही तेथे शिक्षणाचाच भाग होता.

ओळखीच्या जागेपासून आणि माणसांपासून दूर जाताना बालकाला जी भीती वाटते, तिला मानसशास्त्रात वियोगचिंता म्हणतात. ती हट्ट नव्हे, तर मायेच्या बंधाची स्वाभाविक खूण होय. या वयात घड्याळ कळत नसल्याने 'बारा वाजता येईन' या आश्वासनाला मुलाच्या लेखी अर्थ नसतो. 'डबा खाऊन झाला, गाणी म्हणून झाली, की आजी न्यायला येईल' हे मात्र त्याला नेमके समजते. रडू नये म्हणून त्याची नजर चुकवून निघून जाणे त्या क्षणापुरते सोयीचे वाटले, तरी आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, हाच धडा मूल त्यातून घेते. आणि 'थांब, बाईंना नाव सांगते' असा धाक घातला, की न पाहिलेल्या बाईंविषयीही त्याच्या मनात अढी बसते.

स्वावलंबनाचे शिक्षण तर स्वयंपाकघरातच सुरू होते. मटार सोलताना, कणकेचा गोळा वळताना बोटांच्या लहान स्नायूंना जो सराव मिळतो, त्याच्याच बळावर पुढे पेन्सिल हातात स्थिरावते. डब्याचे झाकण उघडणे, चड्डी वर ओढणे, नळाखाली हात धुणे आणि 'शू लागली' हे परक्या माणसालाही न लाजता सांगणे एवढे ज्याला जमते, त्याचा वर्गातील निम्मा ताण आधीच हलका झालेला असतो.

म्हणून पालकांनी या दिवसांत पाटी थोडी बाजूला ठेवावी, सांडले-लवंडले तरी मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे, शाळा आधी एकदा दाखवून आणावी, पहिल्या दिवशी हसतमुखाने त्याचा निरोप घ्यावा आणि सांगितलेल्या वेळी न चुकता दारात हजर राहावे.