पट्टीबाहेरचा डाव

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये गुकेश जगज्जेता झाला, आणि त्यावर माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिकनं लगेच निकाल देऊन टाकला : जगज्जेतेपदाचा फैसला इतक्या पोरकट, एका चालीच्या चुकीवर यापूर्वी कधी झाला नव्हता; आपण ओळखत होतो ते बुद्धिबळ आता संपलं. आपल्याकडे या शेऱ्याचा राग आला तो आपल्या पोराचा अपमान झाला म्हणून. माझी तक्रार वेगळी आहे. हे विधान खोटं आहे, आणि ते खोटं का आहे हे ज्या मोजक्या माणसांना आतून ठाऊक असायला हवं, त्यांत क्रामनिकचा क्रमांक फार वरचा आहे.

आधी इतिहास पाहू. १८९२ साली हवानामध्ये स्टाइनिट्झ आणि चिगोरिन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. दहा डाव आधी जिंकेल तो विजेता, असा नियम होता. तेविसावा डाव सुरू झाला तेव्हा स्टाइनिट्झचे नऊ विजय होते, चिगोरिनचे आठ. या डावात चिगोरिनकडे एक मोहरं जास्त होतं. डाव जिंकून तो बरोबरी साधणार हे उघड दिसत होतं. पटावर त्याचा एकच उंट असा होता की ज्याच्यावर राजाचा जीव अवलंबून होता, आणि बत्तिसाव्या चालीला त्यानं नेमका तोच उंट हलवला. स्टाइनिट्झचे दोन हत्ती दुसऱ्या ओळीत येऊन बसलेलेच होते. दोन चालींत मात! चिगोरिननं डाव सोडला आणि लढतही तिथेच संपली. म्हणजे एका चालीच्या चुकीवर जगज्जेतेपद ठरण्याची परंपरा गुकेशच्या आजोबांच्याही जन्माआधीची आहे. त्या चुकीनंतर बुद्धिबळ संपलं नाही. चिगोरिनला रशियन बुद्धिबळाचा आद्यपुरुष मानतात, आणि क्रामनिक त्याच परंपरेतून आला.

आता खुद्द क्रामनिक. २००६ च्या नोव्हेंबरात, जगज्जेता असताना, तो जर्मनीतल्या बॉन शहरात ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात त्याची स्थिती चांगली होती. वजिरांची अदलाबदल करावी म्हणून त्यानं वजीर पुढे नेला आणि संगणकानं पुढच्याच चालीला मात केली. एका चालीतली मात, जी शाळेतल्या मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतात. ती जगज्जेत्याला दिसली नाही. तरी ती चूक मला पोरकट वाटत नाही. मात देणाऱ्या वजिराला पाठबळ होतं ते शेवटच्या ओळीपाशी जाऊन बसलेल्या घोड्याचं. ही रचना डोळ्यांच्या सवयीची नाही. क्रामनिकचं मन पुढच्या अनेक चाली मोजण्यात गुंतलं होतं आणि त्या मोजण्याच्या ओघात दारातलं संकट नजरेआड झालं. अशी चूक नवशिक्याची नसते. ती खूप पुढचं पाहू शकणाऱ्याचीच असते. क्रामनिकला स्वतःसाठी हे स्पष्टीकरण मिळालं आणि जगानंही ते समजुतीनं मान्य केलं. मग गुकेशसमोर हरलेल्या डिंग लिरेनला ते का मिळू नये?

कारण मधल्या काळात पट्टी आली.

ज्यांनी अलीकडे बुद्धिबळाचं प्रक्षेपण पाहिलं आहे त्यांना ही पट्टी माहीत आहे. पटाच्या शेजारी उभी, अर्धी पांढरी, अर्धी काळी. मागे स्टॉकफिशसारखं इंजिन चालू असतं आणि प्रत्येक चालीनंतर पांढरा रंग वर चढतो किंवा काळा खाली उतरतो. कोण वरचढ आहे ते दशांशात लिहून येतं. ज्याला घोडा कसा चालतो एवढंच येतं, त्यालाही पट्टी घसरली की कळतं, चूक झाली. आणि त्या क्षणी तो डिंगपेक्षा शहाणा होतो. गणिताच्या पुस्तकातलं शेवटचं पान उघडून ठेवलेला मुलगा फळ्यापाशी घाम गाळणाऱ्या मुलाकडे जसा पाहील, तसा तो पटाकडे पाहू लागतो.

सिंगापूरच्या त्या शेवटच्या, चौदाव्या डावात प्रत्यक्ष काय घडलं? गुण साडेसहा–साडेसहा. पांढरी मोहरी डिंगची. डाव शेवटच्या टप्प्यात आला तेव्हा दोघांकडे एक हत्ती आणि एक उंट उरला होता. गुकेशची दोन प्यादी, डिंगचं एक. पट्टी मध्यावर स्थिर होती. तिच्या मते डाव बरोबरीचा. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक होता, आणि आदल्या वर्षी अस्तानात नेपोम्नियाशीला हरवून डिंग जगज्जेता झाला होता तो टायब्रेकमध्येच. गुकेशला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून तो उठला नाही. पट्टी म्हणते बरोबरी, समालोचक म्हणतात बरोबरी, आणि हा अठरा वर्षांचा मुलगा प्यादी एकेक घर पुढे रेटत बसला. डिंगच्या घड्याळात थोडी मिनिटं आणि प्रत्येक चालीला मिळणारे तीस सेकंद उरले होते. त्याचा उंट दूर कोपऱ्यात होता. पंचावन्नाव्या चालीला त्यानं हत्तींची अदलाबदल देऊ केली. हत्ती गेल्यावर कोपऱ्यातल्या उंटालाही अदलाबदलीतून सुटका नव्हती. उरले दोन राजे आणि प्यादी, आणि ते गणित डिंगच्या विरुद्ध होतं. तीन चालींनंतर त्यानं हात पुढे केला.

पट्टीनं ‘बरोबरी’ म्हटलं होतं ते कुणासाठी? दोन्ही बाजूंनी स्टॉकफिश खेळलं असतं तर. पण खुर्चीत बसला होता तो तीन आठवड्यांच्या लढतीनं पिळून निघालेला, जगज्जेता झाल्यानंतर नैराश्याशी झगडत असल्याचं स्वतः मोकळेपणानं सांगितलेला, घड्याळ संपत आलेला माणूस. त्याच्यासाठी ती स्थिती बरोबरीची नव्हती, अवघड होती. गुकेशनं ते ओळखलं. पट्टीला ते ओळखता येत नाही, कारण डिंगचं घड्याळ, डिंगचा थकवा आणि डिंगचा कोपऱ्यातला उंट या तीन गोष्टी एकत्र करून मोजण्याची तिच्यात सोय नाही.

हे सारं शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला पक्कं कळलं होतं. त्याचं नाव इमान्युएल लास्कर, आणि या लेखात त्याला मी मुद्दाम जास्त जागा देणार आहे, कारण आपल्याकडे त्याच्याविषयी फारच कमी लिहिलं गेलं. लास्कर १८९४ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, जगज्जेता होता. एवढा काळ ते पद दुसऱ्या कुणालाही टिकवता आलेलं नाही. तो गणिती होता. बीजगणितात त्यानं केलेलं काम पुढे एमी नोएदरनं विस्तारलं, आणि विद्यार्थी आजही ते शिकतात. म्हणजे अचूक सत्य कशाला म्हणतात हे त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. असा माणूस बुद्धिबळाकडे वळला तेव्हा मात्र त्यानं त्याला झगडा म्हटलं. १९०७ मध्ये त्यानं ‘झगडा’ याच अर्थाचं शीर्षक असलेलं एक तत्त्वचिंतनपर पुस्तकही लिहिलं. त्याच्या लेखी पटाच्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि त्या माणसांना वगळून चालीची किंमत ठरत नव्हती.

१९१४ ची सेंट पीटर्सबर्गची स्पर्धा आठवा. कापाब्लांका गुणांत पुढे होता. लास्करला जिंकणं भाग होतं, आणि कापाब्लांकाला बरोबरी पुरणार होती. अशा वेळी साधारण खेळाडू वादळी सुरुवात निवडतो. लास्करनं निवडली ती स्पॅनिश सुरुवातीची एक्स्चेंज शाखा, जी लोक बरोबरी हवी असताना खेळत. वजीर लवकरच पटाबाहेर गेले. आजची पट्टी त्या दिवशी असती तर मध्यावर झोप काढत राहिली असती. पण त्या शांत दिसणाऱ्या स्थितीत काळ्या बाजूनं हालचाल करत राहणं गरजेचं होतं, आणि सांभाळून खेळायला आलेला कापाब्लांका हालचाल करायला तयार नव्हता. लास्करनं त्याला हळूहळू आवळत नेलं, डाव जिंकला आणि पुढे स्पर्धाही. मी हा डाव अनेकदा मांडून पाहिला आहे. प्रत्येक वेळी मला पहिल्या काही चालींतच लास्करची निवड थक्क करते. इंजिनाच्या दृष्टीनं तिथे काहीच घडलेलं नसतं. माझ्या दृष्टीनं डावाचा मोठा भाग तिथेच घडलेला असतो.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो घेणारे मित्र माझ्याभोवती बरेच आहेत. ते म्हणतात : भावना राहू दे, चूक ती चूकच. इंजिन चुकीला चूक म्हणतं, यात त्याचा काय दोष? क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय चुकला तर चेंडूचा माग काढणाऱ्या तंत्रानं तो बदलतोच ना? २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मोहालीला सचिनला पंचांनी बाद दिलं होतं, तंत्रानं वाचवलं. तेव्हा तू का नाही ओरडलास?

तेव्हा ओरडण्याचं कारणच नव्हतं. चेंडू यष्टीला लागला असता की नाही हा चेंडूविषयीचा प्रश्न आहे. तो बुमराहला विचारा किंवा यंत्राला, उत्तर एकच असायला हवं. डिंगची चाल कितपत क्षम्य होती, हा डिंगविषयीचा प्रश्न आहे. क्रिकेटचंच उदाहरण हवं असेल तर पडद्यावर येणारा विजयाच्या शक्यतेचा आकडा घ्या. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा, हातात सहा गडी, खेळपट्टीवर पेटलेला क्लासन. आकडा जवळपास पूर्ण त्यांच्याकडे कलला होता. भारत सात धावांनी जिंकला. आकडा खोटा नव्हता. पण त्या शेवटच्या षटकांत आफ्रिकेच्या फलंदाजांच्या छातीवर जे ओझं होतं, ते त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

आणि आक्षेप घेणाऱ्यांनी १९९७ सालही आठवावं. न्यू यॉर्कला डीप ब्लूविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हनं हार मानली. नंतर विश्लेषणात दिसलं की सततच्या शहांनी तो बरोबरी साधू शकत होता. यंत्रानं अशी वाट मोकळी सोडली असेल, हे त्याला खरंच वाटलं नाही. जगातल्या सर्वांत बलवान खेळाडूनं यंत्राच्या समजुतीवर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला. हा मला पट्टीचा पहिला बळी वाटतो, पट्टी पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधीचा.

इथपर्यंत आल्यावर पट्टी काढून टाका म्हणणं सोपं आहे. हा लेख मनात जुळवायला घेतला तेव्हा मी तेच म्हणणार होतो. पण नागपूरची दिव्या देशमुख मला तसं म्हणू देत नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला तिनं महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं. ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म हाती नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी महाराष्ट्रात ज्या घरांत कधी पट मांडला गेला नसेल तिथेही मोबाईलभोवती माणसं जमली होती. त्यांना काय घडतंय हे कळत होतं ते पट्टीमुळे. शेवटच्या जलद डावात वेळ संपत आला होता, दोघींकडून चुका होत होत्या, पट्टी हेलकावे खात होती आणि लोक श्वास धरून होते. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं १९४१ पासून जे प्रेम एकेका मुलामागे बसून पेरलं, त्याचा प्रेक्षक एवढ्या संख्येनं आधी जमला नव्हता. टाळेबंदीत विनोदकार समय रैना आणि चेसबेस इंडियाच्या सागर शाहनं पडद्यावर हसतखेळत जो खेळ उभा केला, त्यातूनही हाच प्रेक्षक घडला. त्याला हुसकावून लावणारी शुद्धता मला नको.

खेळाडूंच्या बाबतीत तर यंत्राचे उपकार उघड आहेत. पूर्वी अव्वल विश्लेषण मॉस्कोत जन्मणाऱ्याला मिळायचं, आज ते नागपुरात मिळतं. गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी मात्र त्याला २५०० च्या आसपास मानांकन होईपर्यंत इंजिनापासून लांब ठेवलं. आधी स्वतः विचार करायचा, मग यंत्राला विचारायचं. खेळाडूसाठी जो क्रम ठरला, तोच प्रेक्षकासाठी का असू नये?

‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही २०२० ची मालिका इथे उपयोगी पडते. तिच्यात कुठेही पट्टी नाही. चाली खऱ्या आहेत, कास्पारोव्हनं सल्ला दिला आहे, पण बुद्धिबळ न येणाऱ्या कोट्यवधींना ती बांधून ठेवते ती नायिका बेथच्या डोळ्यांनी, टिकटिकणाऱ्या घड्याळानं, प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर हलकेच उमटणाऱ्या शंकेनं. म्हणजे सर्वसामान्य माणसाला पट्टीवाचून हा खेळ कळतच नाही, हे खरं नाही. त्याच मालिकेनं एक अन्याय मात्र केला. महिला जगज्जेती नोना गाप्रिंदाश्विली पुरुषांविरुद्ध कधी खेळली नाही, असं एक वाक्य तिच्यात होतं. नोना पुरुषांशी डझनावारी डाव खेळलेली होती. ती न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. आपल्या रोहिणी खाडिलकरलाही १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यावरून वाद सोसावा लागला होता. कुणीतरी खेळलेले डाव न पाहता त्यावर एका वाक्याचा शिक्का मारणं हे पट्टी येण्याआधीपासून चालत आलं आहे. पट्टीनं ते दर सेकंदाला करण्याची सोय दिली.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते प्रक्षेपण करणाऱ्यांकडे आहे. पट्टी ठेवा, पण खेळाडूनं चाल केल्यावर ती काही मिनिटं उशिरानं हलू द्या. त्या मिनिटांत घड्याळ मोठं दाखवा, चेहरे दाखवा. समालोचकाच्या समोरचं इंजिन बंद असू द्या आणि त्याला आधी सांगू द्या की या जागी, एवढ्या वेळात, तो स्वतः काय खेळला असता. २०१४ मध्ये सोचीला कार्लसननं राजा चुकीच्या घरात नेला आणि समोर बसलेल्या आनंदला मिनिटभरात ते दिसलं नाही, तेव्हा जगभरच्या पट्ट्या एका क्षणात खाली गेल्या होत्या आणि घरोघरी लोक आनंदच्या नावानं कपाळ बडवत होते. त्या मिनिटात पट्टी झाकलेली असती, तर किती जणांना घोड्यानं प्यादं मारायचं सुचलं असतं? असे समालोचक मराठीत तयार होऊ शकतात. सांगली, नागपूर, पुणे, मुंबई इथे ते बसलेले आहेत, आणि त्यांना बोलावणं पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.