दुसऱ्याचे प्रारब्ध



चाळीस वर्षे मी कीर्तनाला उभा राहिलो. परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड या भागातल्या सप्ताहांत आजाराचा विषय निघाला की माझे एक वाक्य ठरलेले असे : प्रारब्धाचा भोग भोगल्यावाचून सरत नाही. बोलणे शास्त्राला धरून होते. टाळकरी माना डोलवीत आणि मी पुढच्या चरणाकडे वळे. ते वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात कुठे जाऊन बसते, हे मला माझ्याच घरात कळले.

चार वर्षांपूर्वी आमच्या सौ.च्या स्तनात गाठ निघाली. तिला ती सहा महिने आधीच लागली होती. दुखत नव्हती, शिवाय संकोच. म्हणून ती कोणाशी बोलली नाही. मी म्हणालो, "अगं, मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुम्हीच सांगता की, भोग भोगावाच लागतो. मग सांगून काय व्हायचं होतं?" माउलींनो, माझे कीर्तन इतक्या मनापासून दुसऱ्या कोणी ऐकले नसेल. त्या दिवशी मला माझ्याच कीर्तनाची लाज वाटली.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दुःखात असलेल्या माणसाला "हे तुझे प्रारब्ध" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

आपण कर्माचे तीन भाग मानतो : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. प्रारब्ध भोगूनच सरते, हे मी आजही मानतो. पण कोणाचे किती आणि ते कुठे संपते, हे आधी कोणाला दिसते? गाठ आली हे प्रारब्ध म्हणावे, तर ती वेळेवर हाताला लागली आणि वैद्य भेटला, हेही प्रारब्धच का म्हणू नये? आपल्या हाती आहे ते फक्त क्रियमाण. रोग्याने उपचार घेणे हे त्याचे क्रियमाण, आणि त्याच्याजवळ बसणे हे आपले. ज्ञानोबारायांनी सोळाव्या अध्यायात दयेला पूर्ण चंद्राच्या चांदण्याची उपमा दिली आहे. चांदणे निववताना लहानथोर निवडत नाही. मग आपण कोणाचे पूर्वजन्मीचे खाते तपासावे?

उपचारासाठी आम्ही मुंबईला परेलच्या टाटा रुग्णालयात गेलो आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. गाडगेबाबाही कीर्तनकारच. त्यांनी कीर्तने केली आणि धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाच्या या वास्तूत गावोगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातलग राहतात. तिथे कोणी कोणाला "तुझे कर्म काय" असे विचारताना मी ऐकले नाही. "आज जेवण गेलं का?" एवढेच विचारीत. मला वाटले, बाबांचे कीर्तन इथे अजून चालू आहे.

औषधाच्या दुसऱ्या सलाइननंतर तिचे केस गळू लागले. एका सकाळी उशीवर पुंजके पाहून ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी फणी घेऊन मागे बसलो. ती म्हणाली, "अहो, राहू द्या. तुम्ही महाराज माणूस, लोक काय म्हणतील?" मला एकदम जनाबाई आठवली. आपल्या गंगाखेडची जनी. तिचे केस विंचरायला पांडुरंग बसला, तिच्या जात्याला त्याने हात लावला, हे मी शेकडो वेळा सांगितले होते. देव किती थोर, एवढाच अर्थ मी काढीत असे. त्या सकाळी दुसरी बाजू दिसली. जनीने त्याला विंचरू दिले. जन्मभर दुसऱ्यांची कामे करणाऱ्या बाईला स्वतःची सेवा करून घेणे फार जड जाते. ते जमायलाही बळ लागते, आणि ते भक्तीचेच बळ आहे. मी तिला तसे सांगितले. ती काही बोलली नाही, पण मान मागे टेकवली.

पुढे शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठीही काढल्याने हात वर जाईना. तिला काळजी एकच : डोक्यावर तुळस कशी घ्यायची? शिकवलेले व्यायाम तिने हरिपाठासारखे नेमाने केले. केस परत आले. आज गोळी चालू आहे, तपासणीला जातो. पुढचे पांडुरंग जाणे.

दिंडीतल्या माय-बहिणींनो, छातीत किंवा काखेत गाठ लागली तर दुखण्याची वाट पाहू नका. ही गाठ पुष्कळदा दुखतच नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. तिथे पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. आणि हा रोग शिवल्याने लागत नाही. आजारी बाईचे ताट-तांब्या वेगळे ठेवू नका.

कीर्तनकार बंधूंनो, प्रारब्ध हा शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. स्वतःवर वेळ आली की मन शांत करायला तो जरूर घ्या. पण समोरचा दुःखात असेल, तर तो शब्द आपल्यापाशीच ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. जनीचे दळण किती उरले, हे पांडुरंगाने विचारले नाही. तो जात्यापाशी बसला.

रामकृष्ण हरि.