घाटमाथ्यावर पायउतार

चंदगडची ताम्रपर्णी पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्याकडे निघते. थोडं पश्चिमेला सरकलं की तिलारी दाट झाडीतून दरी कापत कोकणात उतरते आणि गोव्यात शापोरा होऊन अरबी समुद्राला मिळते. एकाच पावसाच्या या दोन वाटा! गाडीतून हा पाणलोट कळतच नाही. सायकलवर मात्र तो आधी पोटऱ्यांना कळतो. तिलारी घाटाचा उतार भलताच तीव्र आहे; तिथं सायकल हातात धरून खुशाल चालावं, त्यात कमीपणा कसला? तेव्हाच तर रान ऐकू येतं. ते रान हत्तींचंही आहे. २००२ पासून ते कर्नाटकातून या पट्ट्यात येतात. म्हणून पायवाटेला लागण्याआधी गावात विचारावं, ‘हत्ती कुठं आहेत?’, आणि गावकरी थांबा म्हणाले तर थांबावं.