सव्वादोन इंच

गुरुवारची पहाट धरून चालू. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते. सायकल घेऊन घोराडेश्वराच्या पायथ्याशी या आणि एक पाय टेकवून नुसते उभे राहा. मागे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रेलर धावतायत, मधूनच लोकलचा भोंगा येतोय. तो आवाज मनातून हाकलायच्या मागे लागू नका. आज अंतर मोजायचं नाही, वेळ लावायची नाही; मोबाइलमधलं ते ॲप बंद करून टाका.

आता पुढच्या टायरचा व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडा. डांबरासाठी टम्म भरलेला टायर मुरुमावर नुसता उडतो. जरा मऊ झाला की जमिनीला टेकतो, धरून चालतो. सुस्स आवाज संपेपर्यंत तुमचाही श्वास सुटू द्या. मग मागचं चाक. टायर चिमटीत धरून बघा. सव्वादोन इंच, फार तर अडीच. डोंगराकडे आज एवढीच जागा मागायची आहे.

पायऱ्या सोडून द्या. त्या लेण्यातल्या महादेवाला जाणाऱ्यांच्या आहेत. बाजूची पाऊलवाट घ्या आणि सगळ्यात हलका गिअर टाका. पायडल मारायला लागलात की पहिल्या चढालाच धाप लागेल. लागू द्या. नजर चाकाच्या पुढे दोन हातांवर ठेवा, त्याहून लांब नको.

या भागात डोंगर म्हटला की तुकोबांचं नाव निघतंच. भंडारा, भामचंद्र आणि हा घोराडेश्वर, देहूच्या आसपासचे हे तिन्ही डोंगर त्यांच्या एकांताचे मानले जातात. भामचंद्रावर पंधराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला अशी परंपरा सांगते. आज त्याच भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत चाकण एमआयडीसीच्या शेड आल्या आहेत. काही सायकलवाले 'तुकोबांच्या वाटेवर' असं मोठ्या अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. तुकोबा वर बसायला गेले होते. आपल्यातले निम्मे वर जातात ते सुसाट खाली यायला मिळावं म्हणून. पण तुम्ही आता चढताय, आणि चढताना आपला वेग माणसाच्या चालीएवढाच असतो. तेवढा वेळ त्यांच्या शेजारी चालल्याचं समाधान मानायला हरकत नाही.

वाटेकडे बघा. ही कुणी आखली? गुरांनी आणि त्यांच्यामागून जाणाऱ्यांनी. गुरं कधी नाकासमोर चढत नाहीत, उताराला आडवी कापत जातात. त्यात त्यांचे गुडघे वाचतात आणि डोंगरही वाचतो, कारण आडव्या वाटेवरचं पाणी खालच्या कडेने लगेच गवतात उतरतं. उभ्या वाटेवर मात्र चाकाने पाडलेली एक चाकोरी पुरते. पहिल्या पावसात पाणी तिच्यात शिरतं, मुरूम उकरतं, आणि काही पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. घोराडेश्वराच्या एका अंगाला पवना आणि दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. इथून सुटलेली माती कुठूनही गेली तरी शेवटी भीमेत पडते आणि उजनीच्या तळाशी जाऊन बसते. ती डोंगरावर परत येत नाही.

पुढे एका जागी वाटेच्या तीन वाटा झालेल्या दिसतील. इथे पावसात चिखल साचला असणार. पहिला जण उजवीकडून वळून गेला, त्याची कड खचली म्हणून दुसरा डावीकडून. दोघांनीही काही वाईट केलं नाही, फक्त बूट वाचवले. थांबा इथे. तिन्ही वाटांची रुंदी डोळ्यांनी मोजा आणि मधलीच पकडा. भर पावसाळ्यात मुरूम लोण्यासारखा मऊ असतो; तेव्हा मी म्हणेन, सायकल घरी ठेवा आणि चालत या.

आता उतरा आणि पाच मिनिटं बसा. पाऊस सरून गवत पिवळं पडलंय, मोज्यात कुसळं रुतली असतील. एक ओढून काढा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, मागे काळपट, पिळाची शेपटी. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि वाट बघा. शेपटीचा पीळ सुटायला लागतो, कुसळ तळहातावर हळूच फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवाने भिजायचं, उन्हाने वाळायचं, असं करत हे बी स्वतःला जमिनीत पेरत जातं. ज्या गवताच्या मुळांनी हा उतार धरून ठेवलाय, ते हे असं एकेक इंच खाली जाऊन उभं राहिलंय. हात घाईने झटकू नका. त्याचं फिरणं संपेपर्यंत बघत राहा.

उतरताना दोनच बोटं ब्रेकवर. मागचं चाक लॉक झालं की ते फिरत नाही, नांगरतं. म्हणून वेग उताराच्या आधी कमी करायचा, उतारावर नाही. डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी अशा ब्रेकपाशी झाला. 1976 साली कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन वणव्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावरून शर्यत लावायची. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव 'रीपॅक'. पुढे त्याच डोंगरावरच्या बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. चालणारे दचकायचे, घोडे बुजायचे. जिथे हा खेळ जन्मला तिथेच त्याला दार लागलं, ही गोष्ट आपल्या काळजेवाडी-कासारवाडीच्या पोरांनीही ऐकून ठेवावी. समोरून आजी काठी टेकत येताना दिसली, तर तुम्ही उतरायचं आणि बाजूला व्हायचं. घंटी वाजवून तिला बाजूला करायचं नाही.

उन्हाळ्यात आलात तर उघड्या मुरुमावर टिटवी ओरडत अंगावर येईल. तिची तीन-चार अंडी तिथेच कुठेतरी खड्यांमध्ये आहेत, अगदी मुरुमाच्या रंगाची. शोधू नका. आलात त्याच चाकोरीने मागे फिरा.

हा सराव अंगात मुरला की कधीतरी भीमाशंकरचं मन होईल. राजगुरुनगर, वाडा, भोरगिरी, आणि पुढे जंगल. 1985 पासून हे अभयारण्य आहे, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं, शेकरूसाठी नावाजलेलं. सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवाना लागतो, म्हणून आधी वनखात्याला विचारायचं. नाही म्हणाले तर सायकल झाडाला नव्हे, गावात लावायची आणि परवानगी असेल तिथे पायी फिरायचं. तिथे उभं राहून मान वर करा. शेकरू जमिनीवर क्वचित येतं. त्याचा रस्ता फांद्यांवरून असतो. खालची वाट अरुंद असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात. वाट रुंद करत नेली की एका ठिकाणी त्या भिडायच्या थांबतात, आणि शेकरूचा रस्ता तिथे तुटतो. खालची रुंदी आणि वरची फांदी, दोन्हींवर आळीपाळीने नजर फिरवा. मानेला रग लागेपर्यंत.

एक काम मात्र निघायच्या आदल्या रात्रीचं. आपल्या टायरच्या खाचांमध्ये एमआयडीसीच्या रस्त्याकडेची माती असते आणि त्या मातीत गाजरगवताचं बी असू शकतं. जंगलात ते नको. तेव्हा बुधवारी शिफ्टवरून आलात की बादली आणि जुना ब्रश घेऊन बसा, चाक हाताने हळूहळू फिरवत एकेक खाच मोकळी करा, आणि ते पाणी बाहेर अंगणात न ओतता मोरीत ओता.