माग आणि माया

शिकारीआधी माग काढणाऱ्याला काय ठाऊक नसे? महाड-पोलादपूरच्या डोंगरांत सांबर कोणत्या पाणवठ्यावर उतरते, खुराचा ठसा किती ताजा, शिंगे कोणत्या खोडावर घासली, सारे तो जाणे. इतकी ओळख आपण शेजाऱ्याचीही करून घेत नाही! मग तिला प्रेम का म्हणू नये?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे दार मिटले. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांत मचाणावरून त्याच नजरेने जनावरे मोजतात. विद्या तीच, हेतू पालटला.

मृगरूपाने रमलेला किंदम ऋषी पंडूच्या बाणाने पडला, तेव्हा त्याने दोष दिला तो शिकारीला नव्हे, क्षणभर न थांबण्याला. नेमासाठी थांबतो तो शिकारी. दुसऱ्या जिवाच्या सुखासाठी जो थांबतो, त्याच्याच ओळखीला प्रेम म्हणावे.