तार आणि हवा

आमच्या बैठकीतल्या राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने एक निळी तार गेली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा तिला अडखळतो आणि विचारतो, "अहो, वायफायच्या दिवसांत ही दोरी कशाला?" मी हसून चहा मागवतो. खरे उत्तर थोडे लाजेचे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शेजारची मुलगी दहावीत होती. वर्ग चालू असताना बाईंचा आवाज मध्येच तुटे, आणि "बाई, ऐकू येत नाही!" हे तिचे ओरडणे मला भिंतीतून स्वच्छ ऐकू येई. मी हळहळे आणि सिनेमा पुढे पाही.

एके दिवशी चिरंजीवांनी सांगितले, "बाबा, त्यांचा राउटर आणि आपला एकाच चॅनेलवर आहे." बिनतारी जाळ्याची रीत अशी, की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, इतरांनी कानोसा घेत थांबायचे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच, १, ६ आणि ११. आणि आमच्या मजल्यावर बिऱ्हाडे चार, वरखाली आणखी आठ! तारेतले मात्र तारेतच राहते.

गंमत पाहा, या तारेच्या जाळ्याला इथरनेट हे नाव १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी दिले, ते आकाश व्यापणाऱ्या कल्पित ईथरवरून. तो ईथर १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांना शोधूनही सापडला नव्हता. टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, ही युक्तीही हवाई बेटांतल्या बिनतारी अलोहानेटकडून आलेली.

मी त्या मुलीचे काय घेतले होते? यंत्र माझे, पैसे माझे, हवा कोणाचीच नाही. पण पाणीटंचाईत नळाला पंप लावणाराही हेच म्हणतो, आणि त्याला सोसायटीच्या सभेत मी चांगलेच फैलावर घेतले होते. अजाणता घडले तोवर एक वेळ ठीक. चिरंजीवांनी सांगितल्यानंतरही मी तो सिनेमा संपवलाच. ते अजून सलते.

दुसऱ्या दिवशी संच आणि संगणक तारेवर घेतले. मुलीचे ओरडणे कमी झाले. त्याचे श्रेय तारेचे किती, कोण जाणे. मी शेजारी काही बोललो नाही.

परवा दिवाळीची झाडलोट करताना सौभाग्यवती म्हणाल्या, "ती मुलगी तर केव्हाच पुण्याला गेली. आता गुंडाळू का ही?"

शेजारी नवे बिऱ्हाड आले आहे. "राहू दे," मी म्हटले, आणि तार उचलून धरली. त्यांनी खालून केरसुणी फिरवली.