चेंबरचा नट

इंजिनचं ऑइल बदलायचं म्हणजे गाडीखाली शिरायचं आणि चेंबरच्या बुडाचा एक नट खोलायचा. काम एवढंच. पण हा नट वर्षातनं एक-दोनदा उघडतो आणि बऱ्याचदा दर वेळी वेगळ्या हातानं. आधीच्या हाताला पुढचा दिसत नाही, पुढच्याला आधीचा. माणसाची सचोटी जोखायला मला ही जागा देवळापेक्षा बरी वाटते.

हातकणंगल्यात कोल्हापूर-सांगली रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं गॅरेज होतं. नोकरीतनं सुटल्यावर माझ्या बऱ्याच दुपारी तिथल्या बाकावर गेल्या. एकदा एका व्यापाऱ्याची गाडी ऑइल बदलायला आली. आधीचं सर्व्हिसिंग बाहेर कुठं तरी झालेलं. शिकाऊ पोरगं खाली गेलं, पाना लावला, नट हलेना. "मिस्त्री, वेल्डिंग केल्यागत बसलंय!"

मिस्त्रींनी आधी दिशा तपासायला लावली. नटाच्या डोक्याकडं बघत घड्याळाच्या उलट फिरवायचं असतं. पण आडवं पडून हात वाकडा घातला की भल्याभल्यांचा घोटाळा होतो आणि सोडवायच्या नादात माणूस आवळत बसतो. मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. चेंबर अॅल्युमिनियमचं, नट लोखंडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगतं, पकड जराशी सैल पडते. तरी नाही. नटाचे कोपरे आधीच कुणी तरी गोल केलेले. शेवटी एक साइज लहान बॉक्सपाना हातोडीनं ठोकून बसवला आणि पोरानं झटका दिला. नट आला, पण त्याच्या आट्यांत चांदीसारखा चकचकीत चुरा भरलेला. चेंबरचे आटे सोबत घेऊनच तो बाहेर पडला होता.

लहान गाडीच्या या नटाला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला दहा-बारा किलोचा जोर. गळती थांबवतो तो वॉशर, जोर नव्हे. तरीही लोक पान्याला पाइप घालून आवळतात. आळशी माणूस असं करत नाही, भित्रा करतो. आपल्या नावावर थेंबभर ऑइल गळायला नको, एवढंच त्याला बघायचं असतं. त्याची गाडी गळत नाही, त्याचं नावही चांगलं राहतं. मोडायचं ते पुढच्याच्या हातात मोडतं.

व्यापारी म्हणाला, "तुमच्या पोरानं मोडलंय, भरून द्या." त्या दिवशी पोरानं डबा उघडला नाही.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली असल्याच प्रश्नावर निबंध लिहिले. विल्यम्सचं उदाहरण ट्रकवाल्याचं आहे. काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल सापडतं. तुझा दोष नाही, असं सगळे समजावतात आणि ते खरंच असतं. तरी त्याच्या जिवाला जे लागतं ते बघ्याच्या जिवाला लागत नाही. आणि त्याला काहीच वाटलं नाही, तर आपणच त्याच्याकडं संशयानं बघू. पोराचं न जेवणं त्यातलं होतं. ते मला योग्यच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याची पावती फाडून कुणी पैसे मागावेत, हे नाही पटलं.

मिस्त्रींपुढं सोपी वाट होती. टेफ्लॉन टेप गुंडाळायची, वरनं एम-सील लावायचं. आठ-पंधरा दिवस निघाले असते. मग एखाद्या घाटात ऑइल सांडलं असतं, इंजिन जाम झालं असतं, आणि तोवर आणखी कुणाचा तरी हात लागून गेला असता. कित्येक ठिकाणी आता नटाला हातच लावत नाहीत. डिपस्टिकच्या नळीतनं पंपानं ऑइल ओढून घेतात. तळाचा गाळ थोडा राहतो, पण कुणाचं नाव येत नाही.

मिस्त्रींनी चेंबर उतरवलं. इचलकरंजीत मागाचे सुटे भाग करणारा एक लेथवाला होता, त्याच्याकडनं भोक मोठं करून बुश बसवला, नवीन आटे पाडून घेतले. दीड दिवस गेला. व्यापाऱ्याला चुरा दाखवला. त्यानं बघितल्यासारखं केलं आणि निम्मे पैसे दिले.

मी म्हणालो, "मिस्त्री, जोर लावायच्या आधी मालकाला खाली वाकवून कोपरे दाखवायला पायजे होते. मोडलं तर काय, ते तेव्हाच बोलून घ्यायचं."

"ते खरं, गुरुजी. पर आता आधीचा कुठं हुडकत बसू? माझ्या दारात मोडलं, म्हंजे नीट करायचं माझ्याकडंच आलं की."

"म्हणजे दोष तुमचाच?"

"दोष कोण म्हणतंय? काम म्हनलं मी."

चेंबर चढवल्यावर त्यांनी पोराकडनंच नट लावून घेतला, वॉशर नवीन घालून. आधी बोटांनी, मग पान्यानं. मग पांढऱ्या रंगाचा डबा मागवला आणि नटाशेजारी उघडायच्या दिशेचा बाण काढून खाली लिहिलं, 'बुश आहे, हळू'. ती गाडी पुन्हा त्या गॅरेजला आली नाही.